प्रॉम: नाचाच्या नावात दडलेलं चालणं

मे महिन्यात भाचीचा मिनेसोटाहून फोन आला. बारावीला आहे ती, तिकडच्या भाषेत सीनियर. पुढच्या शनिवारी प्रॉम आहे, ड्रेस आणलाय, केसांसाठी पार्लरची वेळ घेतलीय, असं सगळं एका दमात सांगत होती. आई, म्हणजे तिची आजी, माझ्या खांद्याशी येऊन ऐकत होती. शेवटी तिने विचारलंच, "प्रॉम म्हणजे काय गं?"

"डान्स असतो आजी, शाळेचा."

"मग डान्सच म्हणा की. प्रॉम कशाला?"

भाचीला उत्तर सुचेना. मला मात्र तो प्रश्न सोडवेना, कारण आईने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. नाचाला इंग्रजीत 'डान्स' आहे, थाटाच्या नाचाला 'बॉल' आहे. मग शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या नाचाला हे तिसरंच नाव का? या नावात नाच कुठेच नाही. त्यात आहे चालणं. आणि त्याहूनही मागे गेलं तर गुरं आहेत.

आधी ज्यांनी हा प्रकार फक्त अमेरिकी सिनेमांत पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ज्युनियर म्हणतात, चौथ्याच्या मुलांना सीनियर. शैक्षणिक वर्ष संपत आलं की, म्हणजे साधारण एप्रिल-मेमध्ये, या वरच्या वर्गांसाठी एक संध्याकाळ ठरते. मुलं सूट घालतात, मुली पायघोळ गाऊन. कुणी जोडीने जातं, कुणी मैत्रिणींच्या घोळक्यात. शाळेचं जिमखान्याचं सभागृह सजवतात किंवा बाहेरचा हॉल घेतात. शिक्षक आणि काही पालक लक्ष ठेवायला हजर असतात. बऱ्याच ठिकाणी त्या रात्रीचे 'किंग' आणि 'क्वीन' मतदानाने निवडले जातात. अंगावर मुंडावळ्या नाहीत एवढंच, बाकी तयारी घरच्या कार्यासारखी असते.

आता शब्द. 'प्रॉम' हा तोडलेला शब्द आहे. मूळ शब्द 'प्रोमेनाड'. त्याचं डोकं ठेवलं, धड टाकून दिलं. अशी तोडमोड भाषा रोज करते. 'रेफ्रिजरेटर'मधून मधलाच तुकडा उचलून आपण 'फ्रिज' म्हणतो. 'जिम्नॅशियम'चं 'जिम' झालं, 'लॅबोरेटरी'चं 'लॅब'. सगळ्यात नवल 'बस'चं. मूळ लॅटिन शब्द 'ओम्निबुस', अर्थ 'सर्वांसाठी'. त्यातला 'सर्व' हा अर्थ 'ओम्नि'मध्ये आहे, 'बुस' हा नुसता विभक्तीचा प्रत्यय. म्हणजे आपण एसटीच्या थांब्यावर उभे राहून रोज ज्याची वाट बघतो तो निव्वळ एक प्रत्यय आहे, मराठीतल्या 'साठी'सारखा.

शब्द असा तोडला की त्याची जुनी आठवणही तुटते. 'फ्रिज' म्हणताना कुणाला 'गार' या अर्थाचं लॅटिन मूळ आठवत नाही. तसंच 'प्रॉम' ऐकून कुणाला 'प्रॉमिस' वाटतं, कुणाला 'प्रमोशन'. बारावी पास होऊन पुढे जायचं, म्हणजे प्रमोशनच, असा तर्क अगदी सहज बसतोही. पण तो चुकीचा आहे. या शब्दाची वाट वेगळी आहे, आणि ती एका धुळीच्या रस्त्यावरून सुरू होते.

लॅटिनमध्ये 'मिनारी' म्हणजे धमकावणं. त्याच्यापासून उत्तरकाळातल्या बोली लॅटिनमध्ये 'मिनारे' झालं, आणि त्याचा अर्थ होता गुरांना ओरडून, दरडावून पुढे नेणं. इथे मराठी माणसाला शब्दकोशाची गरजच पडू नये. आपल्याकडे 'हाक' आणि 'हाकणं' हे शब्द शेजारी शेजारी नांदतात. गुराख्याने हाळी दिली, दम भरला की गुरं चालायला लागतात. म्हणून तोंडातून निघणारा आवाज आणि पायांना मिळणारी गती यांना एकच शब्द पुरतो. पुढे आपण गाडीही हाकायला लागलो, कारभारही हाकायला लागलो, संसारसुद्धा. रोमन शेतकऱ्याच्या तोंडी नेमकं हेच झालं. 'मिनारे'ला 'पुढे' या अर्थाचा 'प्रो' लागला आणि 'प्रोमिनारे' तयार झालं: गुरं पुढे हाकणं.

फ्रेंचमध्ये येईपर्यंत या शब्दातली काठी गळून पडली होती. 'मिनारे'चं फ्रेंच रूप 'मने', अर्थ नुसता 'नेणं'. त्यावरून 'प्रोमने', म्हणजे फिरवून आणणं. आणि स्वतःलाच फिरवून आणणं म्हणजे फेरफटका मारणं. त्या फेरफटक्याचं नाम झालं 'प्रोमनाद'. शेवटचा 'आद' हा प्रत्यय आपल्या ओळखीचा आहे, 'परेड' आणि 'लेमोनेड' याच घरातले. इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून उचलला.

जाता जाता या कुळातली दोन नावं सांगायला हवीत. इंग्रजीतलं 'मेनेस', म्हणजे धोका किंवा धमकी, हे याच मुळावरचं. आणि ज्या लॅटिन शब्दावरून धमकीचा अर्थ आला, त्याचा आणखी एक अर्थ होता भिंतीतून पुढे आलेली टोकं. पुढे येणं, उठून दिसणं, या कल्पनेवरून 'प्रॉमिनंट' आला. म्हणजे 'प्रॉम' आणि 'प्रॉमिनंट' हे चुलत भाऊ. हे मला फार आवडतं, कारण पुढे या शब्दाच्या आयुष्यात उठून दिसणं हेच मुख्य काम होऊन बसलं.

फेरफटका दोन प्रकारचा असतो. एक जेवणानंतरची शतपावली, ती पोटासाठी. दुसरा लोकांनी आपल्याला बघावं म्हणून. युरोपातल्या शहरांत 'प्रोमेनाड' हा शब्द या दुसऱ्या प्रकाराला चिकटला. पॅरिसमध्ये १६१६ साली राणी मारी द मेदिचीने सीन नदीच्या काठाने झाडांच्या रांगा लावून 'कूर ला रेन' नावाचा रस्ता करून घेतला. तो कुठे पोचण्यासाठी नव्हता. संध्याकाळी सरदार-दरकदारांनी घोडागाड्यांतून तिथे यायचं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं आणि परत फिरायचं. कुणाची गाडी नवी, कुणाच्या शेजारी कोण बसलंय, कुणी कुणाला नमस्कार केला नाही, हे सगळं तिथे कळायचं. लंडनमध्ये १७४२ साली रॅनेला उद्यान उघडलं. तिथे 'रोटुंडा' नावाचं प्रचंड गोल सभागृह होतं. संगीत चालू असायचं आणि लोक त्या गोलात फेऱ्या मारत राहायचे. इटलीत आजही संध्याकाळी चांगले कपडे करून गावाच्या मुख्य रस्त्यावर येरझारा घालण्याला 'पासेजाता' म्हणतात.

या सगळ्याला मराठीत एक चपखल क्रियापद आहे: मिरवणं. त्यात चालणंही आहे, दाखवणंही आहे आणि चारचौघांत ताठ मानेने वावरण्याचा आनंदही आहे. त्याच्यावरून 'मिरवणूक' आली. कुणी मला 'प्रोमेनाड'चा मराठी प्रतिशब्द विचारला तर मी 'विहारपथ' वगैरे सांगणार नाही. मिरवणं, बस.

पण मिरवण्याचा नाच कसा झाला? इथे नाचगृहाच्या दारातच थांबायला हवं, कारण उत्तर दारात आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतला प्रतिष्ठित 'बॉल' एकदम नाचाने सुरू होत नसे. (हा 'बॉल' क्रिकेटचा नव्हे. तो जर्मन कुळातला, आणि हा 'नाचणं' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला, 'बॅले'चा सख्खा.) सुरुवातीला 'ग्रँड मार्च' होई. यजमान जोडपं पुढे, त्यांच्यामागे मानाप्रमाणे बाकीच्या जोड्या, हातात हात, संगीताच्या ठेक्यावर सगळ्यांनी सभागृहाला फेरी घालायची. आलेल्या पाहुण्यांनी एकमेकांना बघून घ्यायचं, कोण कुणाबरोबर आलंय ते कळून घ्यायचं. मग नाच. पाहुण्यांची ही जोडीजोडीने निघणारी फेरी म्हणजे 'प्रोमेनाड'. अमेरिकेतल्या खेडेगावच्या स्क्वेअर डान्समध्ये हा शब्द अजून जिवंत आहे. मधे उभा राहून सूचना देणारा माणूस 'प्रोमेनाड' असं ओरडला की जोड्या हात धरून वर्तुळात चालू लागतात. ओरडणं आणि चालणं, पुन्हा एकत्र.

गोव्यातल्या आणि मुंबईत वांद्र्याकडच्या ख्रिस्ती लग्नांना जे गेलेत त्यांना 'ग्रँड मार्च' समजावून सांगायला नको. रिसेप्शनला नवरानवरी पुढे होतात, त्यांच्यामागे जोड्या लागतात, बँड वाजत असतो आणि सगळी रांग हॉलभर वळणं घेत चालते. म्हाताऱ्या मावश्याही त्यात उतरतात, कारण त्यात अवघड पदन्यास नाही. ताल धरून चालता आलं की झालं. जुन्या युरोपी बॉलची ही पहिली पायरी इथे आजही शाबूत आहे.

तर समारंभाचा आरंभ 'प्रोमेनाड'ने, आणि मग सगळ्या समारंभालाच ते नाव पडलं. एका भागाचं नाव सबंध गोष्टीला देणं ही भाषेची लाडकी सवय. साखरपुडा घ्या. सोहळा आहे लग्न ठरल्याचा. त्यात अंगठ्या असतात, ओटी असते, जेवणावळ असते. पण नाव कशाचं, तर साखरेच्या पुड्याचं. मुंजीत मंत्र आहेत, भिक्षावळ आहे, मातृभोजन आहे, पण नाव त्या मुंज गवताच्या मेखलेचं, जी आता कित्येक बटूंच्या कमरेला धड ओळखूही येत नाही. हळदीकुंकवाला गेलेली बाई तास-दोन तास बसते, वाण घेते, चार घरच्या गप्पा करते. हळद आणि कुंकू लावायला किती वेळ लागतो? प्रॉमचंही तसंच. रात्रभराच्या नाचाला पहिल्या दहा मिनिटांच्या चालण्याचं नाव मिळालं.

हे नाव शाळेत येण्याआधी कॉलेजात पडलं. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जुन्या कॉलेजांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'ज्युनियर प्रोमेनाड' होऊ लागले. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी आयोजन करायचं, असा तो रिवाज. आपल्याकडे नववीची मुलं दहावीला सेंड-ऑफ देतात, अकरावीची बारावीला, त्यात आणि यात मला फार अंतर दिसत नाही. विद्यार्थ्यांनी या लांब नावाला कात्री लावली नसती तरच नवल. १८९४ साली ॲमहर्स्ट कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने आपल्या रोजनिशीत स्मिथ कॉलेजच्या 'प्रॉम'ला गेल्याचं लिहून ठेवलंय. ॲमहर्स्ट तेव्हा फक्त मुलांचं, स्मिथ फक्त मुलींचं. एरवी एकमेकांपासून अंतर राखून असलेल्या तरुणांना, वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली, रीतसर भेटता यावं यासाठी हा घाट होता.

त्यामागे आणखी वरच्या वर्गाचा एक नमुना होता. इंग्लंड-अमेरिकेतल्या श्रीमंत घराण्यांत मुलगी अठराच्या आसपास आली की तिला समाजापुढे आणण्याचा सोहळा होई, 'डेब्युटंट बॉल'. फ्रेंचमध्ये 'देब्युत' म्हणजे आरंभ, आपण क्रिकेटमध्ये 'पदार्पण' म्हणतो तेच. इंग्लंडात तर या मुलींना थेट राजदरबारात हजर करत. तो रिवाज १९५८ साली बंद झाला. हे सगळं मूठभर घरांपुरतं होतं. अमेरिकी हायस्कुलांनी विसाव्या शतकात केलं ते असं की तोच थाट सरकारी शाळेच्या जिममध्ये आणला. सुताराच्या मुलीला आणि दुकानदाराच्या मुलाला एका रात्रीपुरता तो गाऊन, तो सूट, ती फेरी मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गाच्या हातात पैसा खेळू लागला, १९५० च्या दशकात हायस्कूलला जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली, आणि प्रॉम घराघरांत पोचला. ३१ मे १९७५ रोजी तर एका शाळेचा प्रॉम खुद्द व्हाइट हाउसमध्ये झाला. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची मुलगी सुझन त्या वर्गात होती.

प्रॉम किती मुरला ते व्याकरणातही दिसतं. पूर्वी इंग्रजीत 'द प्रॉम'ला जात. आता अमेरिकी मुलं 'द' गाळतात, नुसतं 'प्रॉमला' जातात. इंग्रजीत हा मान 'स्कूल' आणि 'चर्च' अशा मोजक्या जागांना आहे. 'द' लावला की ती एक विशिष्ट इमारत होते. गाळला की ती आयुष्यातली एक ठरलेली गोष्ट होते. मराठीत 'बाजारात गेलो' आणि 'बाजाराला गेलो' यांत असाच काहीसा फरक जाणवतो. पहिल्यात जागा आहे, दुसऱ्यात आठवड्याचा नेम.

शब्दाच्या मुळाशी 'सर्वांसमोर जोडीने चालणं' आहे, हे कळलं की प्रॉमच्या इतिहासातला सर्वांत दुखरा भाग नीट समजतो. नुसता नाच असता तर एवढं रामायण झालं नसतं. नाच चार भिंतींत होतो. पण गावादेखत कुणी कुणाचा हात धरून चालायचं, हा प्रश्न सगळ्या गावाचा होतो. आपल्याकडे कुणाची वरात कुठल्या रस्त्यावरून जाणार, नवरा घोड्यावर बसणार की नाही, यावरून रक्त सांडलं आहे. मिरवण्याचा हक्क ही हलकी गोष्ट नाही, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. दक्षिणेतल्या राज्यांत प्रत्यक्ष अंमल व्हायला पुढे दीड दशक आणि त्याहून जास्त लागलं. गोरी आणि काळी मुलं एका वर्गात बसू लागली, एका संघातून खेळू लागली. मग प्रॉमचं काय? अनेक शाळांनी यावर काढलेली युक्ती साधी होती: शाळेने प्रॉम घेणंच बंद केलं. मग पालकांनी खासगी पैसे काढून दोन प्रॉम सुरू केले, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. खासगी कार्यक्रम, त्यामुळे कायद्याचा हात पोचेना. वर्षभर एका बाकावर बसणारी मुलं त्या एका रात्री दोन वेगळ्या हॉलांत जायची.

हे दशकानुदशकं चाललं. मिसिसिपी राज्यातल्या चार्ल्सटन या गावात अभिनेते मॉर्गन फ्रीमन राहतात. त्यांनी १९९७ साली गावातल्या हायस्कूलला सांगितलं की एकत्र प्रॉम घ्या, सगळा खर्च मी करतो. कुणी दाद दिली नाही. २००८ साली त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी ते मान्य झालं. त्या गावच्या मुलांनी पहिल्यांदा एका दारातून आत जाऊन एकत्र प्रॉम केला. तरी काही गोऱ्या पालकांनी त्याही वर्षी आपला वेगळा प्रॉम घेतलाच. जॉर्जियातल्या विल्कॉक्स काउंटीत एकत्र प्रॉम व्हायला २०१३ साल उजाडलं. तिथे तर चार मैत्रिणींनी, दोन गोऱ्या आणि दोन काळ्या, स्वतः पैसे जमवून तो घडवून आणला. २०१३! आपल्या हातात स्मार्टफोन आले होते तेव्हा.

याच धाग्यातला एक न्यायालयीन निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८० साली ऱ्होड आयलंडमधल्या एका विद्यार्थ्याला प्रॉमला दुसऱ्या मुलाला जोडीदार म्हणून न्यायचं होतं. मुख्याध्यापकांनी नाकारलं, गोंधळ होईल, त्यालाच मार बसेल, हे कारण. प्रकरण संघीय न्यायालयात गेलं. न्यायाधीशांनी विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला, आणि आधार कशाचा घेतला? भाषणस्वातंत्र्याचा. त्या मुलाने जोडीदाराबरोबर त्या हॉलमध्ये जाणं हेच एक म्हणणं मांडणं आहे, असं न्यायालयाने मानलं. चालणं हे बोलणं आहे. 'हाक' आणि 'हाकणं' यांचं जे नातं आपण वर पाहिलं, ते इथे उलट्या बाजूने येऊन भेटतं. आधी कुणीतरी ओरडायचा आणि मुकी जनावरं चालायची. आता चालणाराच आपल्या चालण्यातून बोलत होता.

अटलांटिकच्या पलीकडे, ब्रिटनमध्ये, याच तोडलेल्या शब्दाने वेगळाच संसार थाटला. तिथे 'द प्रॉम' म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता, आणि 'द प्रॉम्स' म्हणजे शास्त्रीय संगीताचा उन्हाळी महोत्सव. दोन्हीचं मूळ पुन्हा 'प्रोमेनाड'च. बागांमधल्या संगीतात लोक फिरत फिरत ऐकायचे, मध्येच थांबायचे, खायचे-प्यायचे. त्याच धर्तीचे बंदिस्त सभागृहातले 'प्रोमेनाड कॉन्सर्ट' पॅरिसच्या पावलावर पाऊल ठेवून लंडनमध्ये १८३८ साली सुरू झाले. १० ऑगस्ट १८९५ रोजी रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकाने क्वीन्स हॉलमध्ये अशी मालिका सुरू केली. संगीतसंचालक होते हेन्री वूड. न्यूमनचा विचार सरळ होता: साध्या माणसाच्या कानाला हळूहळू चांगल्या संगीताची सवय लावायची. म्हणून मधल्या खुर्च्या काढल्या, लोकांनी उभं राहावं, फिरावं, आणि तिकीट ठेवलं एक शिलिंग. १९२७ मध्ये बीबीसीने हे काम हाती घेतलं. १९४१ च्या बॉम्बवर्षावात क्वीन्स हॉल बेचिराख झाला आणि महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेला. आजही तिथे स्वस्त तिकिटावर उभे राहून ऐकणारे रसिक असतात, त्यांना 'प्रॉमर' म्हणतात. ते आता फिरत नाहीत, स्तब्ध उभे असतात. शब्द चालत राहिला, माणसं थांबली.

शाळेच्या निरोपाच्या नाचाला प्रत्येक देशाने आपापलं नाव दिलंय. ऑस्ट्रेलियात तो 'फॉर्मल', कपड्यांवरून. दक्षिण आफ्रिकेत 'मॅट्रिक डान्स', परीक्षेवरून. हा 'मॅट्रिक' आपल्या आजोबांच्या पिढीला चांगला ठाऊक. आयर्लंडमध्ये 'डेब्ज', त्या जुन्या 'डेब्युटंट'वरून, आणि आता मुलगेही बिनदिक्कत 'डेब्ज'ला जातात. पोलंडचं नाव सगळ्यांत वेगळं: 'स्तुद्न्युफ्का', म्हणजे 'शंभर दिवसांचा'. शालान्त परीक्षेला साधारण शंभर दिवस उरले की तो होतो. शेवटचं हसून-नाचून घ्या, मग अभ्यासाला लागा! आणि त्याची सुरुवात कशाने होते? 'पोलोनेझ'ने, ज्यात जोड्या हात धरून संथ पावलांनी रांगेत चालतात. २०२३ मध्ये युनेस्कोने पोलोनेझचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. नावात चालणं नाही, पण पायांत आहे.

प्रॉमच्या रात्रीचे बाकीचे शब्दही असेच भटके. मुली मनगटाला फुलांचा गजरा बांधतात, तो 'कोर्साज'. मुळात हे कपड्याच्या छातीकडच्या भागाचं फ्रेंच नाव. फुलं तिथे टाचत, म्हणून नाव फुलांना गेलं, आणि फुलं मनगटावर उतरली तेव्हा नावही बरोबर उतरलं. मुलांचा काळा सूट 'टक्सिडो', तो न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क नावाच्या श्रीमंतांच्या वस्तीवरून. तिथला क्लब १८८६ चा. लक्ष ठेवायला आलेल्या मोठ्यांना 'शॅपरोन' म्हणतात. फ्रेंचमध्ये ते डोक्यावरच्या टोपडीचं नाव होतं. टोपडं जसं डोकं झाकतं तशी ही मोठी माणसं मुलांवर सावली धरतात.

आपल्याकडे 'प्रॉम' हा शब्द आता मुंबई-पुण्याच्या काही इंटरनॅशनल शाळांत ऐकू येतो. बाकी सगळीकडे सेंड-ऑफ, फेअरवेल, निरोप समारंभ. त्यात मुली आईची किंवा मावशीची साडी नेसून येतात. पिना लावलेल्या असतात तरी एक हात निऱ्यांवर. मुलं पहिल्यांदा ब्लेझर घालतात. त्या दिवशी शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंतचं अंतर ती रोजच्यापेक्षा कितीतरी हळू चालतात. 'प्रोमेनाड' हा सबंध शब्द मात्र मुंबईने केव्हाच आपला केलाय. कार्टर रोडच्या प्रोमेनाडवर संध्याकाळी जाऊन बघा. गुडघेदुखीसाठी चालणारे आजोबा आहेत, आणि नवा शर्ट घालून तिसऱ्यांदा त्याच बाकासमोरून जाणारा मुलगाही आहे. चारशे वर्षांपूर्वीचे ते दोन्ही फेरफटके एकाच कठड्याला लागून चाललेले असतात.

भाचीने रविवारी व्हिडिओ पाठवला. तिच्या गावात ग्रँड मार्चची जुनी पद्धत अजून पाळतात, तशी ती तिकडच्या बऱ्याच लहान गावांत पाळतात. शाळेच्या जिममध्ये दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर आईबाप, आजीआजोबा, शेजारीपाजारी बसलेले. माइकवरून नावं पुकारली जात होती. नाव आलं की एक जोडी कमानीतून बाहेर यायची, मधल्या पट्टीवरून चालत टोकापर्यंत जायची, फोटोसाठी क्षणभर थांबायची आणि बाजूला व्हायची. भाची तिच्या मैत्रिणीबरोबर आली. हिरवा गाऊन, मनगटावर पांढरी फुलं. टोकाशी पोचल्यावर तिने कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला.

आईने व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाली, "यात नाच कुठाय?"

"नाच नंतर असतो, दुसरीकडे. तिथे घरच्यांना सोडत नाहीत."

"बरं," ती म्हणाली. "ती चालत येते ना, तिथून परत लाव."